पंचवटीचा उंबरठा : शास्त्रज्ञाचे घर आणि भाषांची साक्ष

मराठीत 'शोध' या एका शब्दावर अनेक अर्थांचा भार टाकलेला आहे. अमेरिकेचा शोध लागला असे म्हणतात, विजेच्या दिव्याचा शोध लागला असेही म्हणतात, आणि हरवलेल्या गाईच्या शोधात माणूस रानोमाळ हिंडतो तेव्हाही शब्द तोच असतो. निसर्गात आधीपासून असलेले काही उघडकीस आणणे आणि पूर्वी नव्हते असे काही घडवणे या दोन कृतींत हिंदी भाषा भेद करते. घडवण्याच्या कृतीला ती 'आविष्कार' म्हणते. मराठीत मात्र 'आविष्कार' म्हणताच कवी, गायक वा नट आठवतो. यामुळे एडिसन आणि रामन हे दोघेही मराठी वाचकाच्या लेखी 'शोध लावणारे'च ठरतात. याला शब्दांचे दारिद्र्य मानण्याचे कारण नाही. निसर्गाचे रहस्य उकलणाऱ्यालाही उपकरण घडवावे लागते, आणि उपकरण घडवणाऱ्यालाही निसर्ग ओळखावा लागतो. प्रयोगशाळेच्या चार भिंतींत या दोन कृती एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. शिवाय या शब्दाचा तिसरा अर्थ, म्हणजे हरवलेल्याचा माग काढणे, अशा व्यक्तींची घरे आणि प्रयोगशाळा स्मारक म्हणून जतन करणाऱ्यांना विशेष उपयोगी पडणारा आहे.

थोर पुरुषाचे घर राखून ठेवावे ही कल्पना भारतीय मनाला परकी नाही. मालगुंड येथील केशवसुतांचे घर मराठी वाचकाला परिचित आहे. मलनाडातील कुप्पळ्ळी येथे कुवेंपूंचे वडिलोपार्जित घर कन्नड वाचकाने तितक्याच ममतेने जपले आहे. कवीच्या घरी जाणारा वाचक मात्र रिकाम्या हाताने जात नाही. त्याने कविता आधी वाचलेली असते. माजघर, अंगण, विहीर पाहताना तो त्या कवितेकडेच परत जात असतो. शास्त्रज्ञाच्या घराचे तसे नाही. तेथे येणाऱ्या शंभरांपैकी नव्व्याण्णवांनी त्याचा एकही निबंध वाचलेला नसतो आणि वाचण्याची शक्यताही नसते. संहितेचा आधार नसल्यामुळे वस्तूंवर सगळा भार येतो. टेबल, भिंग, चष्मा, पगडी यांच्याकडे लोक पाहतात ते वाचकाच्या दृष्टीने नव्हे, तर दर्शनार्थीच्या दृष्टीने. घर मग घर राहत नाही, त्याचे देवस्थान होते.

हा धोका भारतापुरता आहे असेही नाही. न्यू जर्सीतील मेन्लो पार्क येथील एडिसनची प्रयोगशाळा कालांतराने मोडकळीस आली, तेव्हा हेन्री फोर्डने ती मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे पुन्हा उभारली. विजेच्या दिव्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १९२९ मध्ये, तिचे उद्घाटन झाले. हुबेहूबपणासाठी न्यू जर्सीची माती गाड्यांत भरून आणण्यात आली होती. वृद्ध एडिसनने ती वास्तू पाहिली आणि नक्कल जवळजवळ बिनचूक असल्याचे मान्य केले. फक्त आपली जमीन एवढी स्वच्छ कधीच नव्हती, असा शेरा मारला, अशी हकीकत सांगतात. स्मारकशास्त्राचा सगळा प्रश्न या एका शेऱ्यात आला आहे. माती खरी, फळ्या खऱ्या, काचेच्या नळ्या खऱ्या. तरीही काम करणाऱ्या माणसांच्या पायांची धूळ पुसली गेली की जागा खोटी पडते. त्याच न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे एडिसनची पुढची प्रयोगशाळा आणि त्याचे घर राष्ट्रीय उद्यान म्हणून राखले आहे. तेथे वस्तूंच्या बरोबरीने सुमारे पन्नास लाख पानांचे कागदपत्र सांभाळले गेले, आणि रटगर्स विद्यापीठाने एडिसनच्या कागदपत्रांच्या संपादनाचे दीर्घकाळ चालणारे काम हाती घेतले. एका थोर नावाच्या सावलीत किती कारागीर आणि साहाय्यक राबत होते हे त्या कागदांमुळे कळू शकते. पुसली गेलेली धूळ परत आणण्याचा मार्ग कागदांतून जातो.

या पार्श्वभूमीवर बंगळूरमधील एका घराचा आणि एका प्रयोगशाळेचा विचार करावयाचा आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांचे 'पंचवटी' हे घर मल्लेश्वरम या जुन्या वस्तीत आहे, आणि त्यांनी १९४८ मध्ये सुरू केलेली रामन संशोधन संस्था तेथून फार दूर नाही. मल्लेश्वरमशी मराठी वाचकाचा संबंध रामन यांच्याहून जुना आहे. या वस्तीला ज्याच्यावरून नाव मिळाले त्या काडू मल्लेश्वर देवालयाला व्यंकोजीराजांनी गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. 'पंचवटी' हे नावही मराठी कानाला थेट नाशकात नेऊन सोडते. तामिळ मातृभाषेच्या शास्त्रज्ञाने कन्नड नगरीत घेतलेल्या घराला गोदाकाठचे नाव असावे, यात एका अर्थाने भारतीय साहित्याचे सगळे अंतःसूत्र आले. रामकथेने देशभर पेरलेल्या स्थलनामांना भाषेची सीमा नसते.

रामन यांचा चरित्रपट येथे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. तिरुचिरापल्ली येथे १८८८ मध्ये जन्म. १९०७ पासून कलकत्त्यात वित्तखात्याची नोकरी आणि कचेरीच्या वेळेपलीकडे बहूबाजारातील इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत संशोधन. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठातील पालित प्राध्यापकपद. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी प्रकाशाच्या विकिरणाविषयीचा शोध. १९३० मध्ये नोबेल पारितोषिक. १९३३ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून आले. ही संस्था जमशेदजी टाटांच्या संकल्पातून १९०९ मध्ये उभी राहिलेली असल्याने मुंबई-पुण्याकडील जुनी पिढी तिला 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणत असे. १९३४ मध्ये त्यांनी भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली. १९३७ मध्ये संचालकपद सोडावे लागले, तरी प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत तेथेच राहिले. त्यानंतरची बावीस वर्षे त्यांची स्वतःची संस्था हेच त्यांचे जग होते.

या संस्थेतील संग्रह हा रामन यांच्या स्वभावाचा उत्तम परिचय आहे. हिरे, स्फटिक, खनिजे, नाना जातींचे दगड, फुलपाखरे, भुंगेरे, पक्षी असा तो संग्रह आहे. ज्यात रंग आणि प्रकाश आहे ते सर्व त्यांना हवे होते. शाळेची मुले आली की रामन स्वतः त्यांना अंधाऱ्या खोलीत नेत आणि काही खनिजांवर अतिनील किरण सोडीत. उजेडात फिके दिसणारे दगड अंधारात हिरवे-तांबडे होऊन पेटत. पुढच्या काळात संस्थेत रेडिओ-खगोलशास्त्रासारखे सर्वस्वी नवे विषय आले आणि १९७२ पासून तिला केंद्र सरकारचे अनुदान मिळू लागले. तरीही ज्या जागी एका माणसाचे कुतूहल इतक्या मूर्त रूपात साठवलेले आहे, अशा जागा देशात थोड्याच आहेत. ती राखली गेली हे राष्ट्राचे भाग्यच मानले पाहिजे.

रामन यांनी मात्र आपल्यासाठी स्मारक मागितले नव्हते. २१ नोव्हेंबर १९७० रोजी संस्थेच्या आवारातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार कोणतेही धार्मिक विधी न करता तेथील बागेतच त्यांचे दहन करण्यात आले, आणि त्या जागी समाधी न बांधता एक झाड लावण्यात आले. ज्या देशात थोर पुरुषाच्या अस्थींवर चौथरा आणि चौथऱ्यावर छत्री उभी राहते, त्या देशात ही गोष्ट लहान नव्हे. आपले देवस्थान होऊ नये याची तजवीज शास्त्रज्ञाने स्वतःच करून ठेवली होती. त्याच्या मागे राहिलेल्यांनी घर राखले, संग्रह राखला आणि झाडही राखले. आता प्रश्न उरतो तो या जागेने काय सांगावे याचा.

या प्रश्नाला एक मराठी साक्षीदार आहे. कमला भागवत या मुंबई विद्यापीठाच्या विज्ञान पदवीधर तरुणीने १९३३ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनासाठी अर्ज केला. तिचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि याच संस्थेचे जुने विद्यार्थी. पदवी परीक्षेत तिने उच्च यश मिळवलेले. अर्ज नाकारण्यात आला. कारण गुणवत्तेचे नव्हते. अर्जदार स्त्री होती. कमलाबाई वडिलांसह बंगळूरला गेल्या, संचालक रामन यांना भेटल्या, नकार पुन्हा मिळाला, आणि त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष परीक्षाधीन. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्रीही, काम करावयाचे. आणि आपल्या उपस्थितीने पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होऊ द्यावयाचे नाही. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी ते वर्ष पुरे केले, रामन यांचे समाधान झाले, आणि त्या संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. पुढे केंब्रिज येथे वनस्पतींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यासंबंधीच्या कार्यासाठी त्यांना १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळाली. मराठी जगाला त्या कमला सोहोनी या नावाने परिचित झाल्या. रामन हे थोर शास्त्रज्ञ असले तरी स्त्रियांविषयी त्यांची दृष्टी संकुचित होती आणि त्या वागणुकीचा सल मनातून कधी गेला नाही, असे त्यांनी उतारवयात जाहीरपणे सांगितले.

कमलाबाई या दुर्गा भागवतांच्या भगिनी. १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या काळात लेखनस्वातंत्र्याचा आवाज उठवणाऱ्या दुर्गाबाई आणि १९३३ मध्ये एका नोबेल विजेत्याच्या दारात 'नाही' हे उत्तर न स्वीकारता उभ्या राहिलेल्या कमलाबाई या एकाच घरात वाढल्या. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पहिली घटना नोंदली गेली आहे. दुसरी विज्ञानाच्या इतिहासात पुष्कळ उशिरा आणि अपुरी नोंदली गेली. या दोन्ही घटना एकाच वाणीच्या आहेत हे लक्षात यावयाचे तर वाङ्मयाचा आणि विज्ञानाचा अभ्यासक एका बाकावर बसला पाहिजे.

दुसरी साक्ष अण्णा मणी यांची. त्रावणकोरातील पीरमेड येथे १९१८ मध्ये जन्मलेल्या या विदुषी १९४० मध्ये शिष्यवृत्ती मिळवून रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरे आणि माणके यांच्या प्रकाशगुणांवर त्यांनी काम केले. एकेका वर्णपटाचे छायाचित्र मिळवण्यासाठी पंधरा-वीस तास थांबावे लागे. रात्री प्रयोगशाळेतच झोपावे लागे. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे स्वतंत्र नावाने पाच निबंध प्रसिद्ध झाले आणि १९४५ मध्ये त्यांनी प्रबंध सादर केला. त्या वेळी पदवी देणाऱ्या मद्रास विद्यापीठाने त्यांच्यापाशी एम. एस्सी. ही पदवी नसल्याचे कारण दाखवून डॉक्टरेट नाकारली. त्यांना त्याचे वैषम्य वाटले नाही. हवामानखात्यात, पुण्यात आणि अन्यत्र, त्यांनी भारतीय बनावटीच्या उपकरणांचा पाया घातला. निवृत्तीनंतर त्या अभ्यागत प्राध्यापक म्हणून रामन संशोधन संस्थेत परतल्या. आभा सूर यांनी 'डिस्पर्स्ड रेडियन्स' या २०११ च्या ग्रंथात असे नोंदवले आहे की, अण्णा मणींचा तो प्रबंध संस्थेच्या ग्रंथालयात इतर प्रबंधांसारखाच बांधलेला आहे. पदवी मिळालेला कोणता आणि न मिळालेला कोणता हे पाठीवरून ओळखू येत नाही. त्या फडताळातील हे एक पुस्तक संग्रहातील कोणत्याही हिऱ्याइतकेच जपण्याजोगे आहे. हिरा प्रकाशाचे काय करतो हे संग्रहात पाहावयास मिळते; त्या प्रकाशाची नोंद कोणी, किती रात्री जागून केली, हे प्रबंध सांगतो.

अशा साक्षी पुढे आणल्या की काही आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला आक्षेप असा की, गेल्या काळातील माणसाला आजच्या मापाने मोजू नये. तत्त्व म्हणून ते मान्य आहे. परंतु येथे माप आजचे नाही. १९३३ मधील एका तरुणीने १९३३ मध्येच उभा केलेला तो प्रश्न आहे, आणि तिच्या वडिलांना, चुलत्यांना व मार्गदर्शकांनाही तो त्याच काळी पटला होता. काळाचा आधार घेताना त्या काळात एकच मत होते असे गृहीत धरले जाते. वस्तुतः दुसरे मत त्याच दारात उभे होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शास्त्रज्ञाचे मोल त्याच्या सिद्धांतात आहे, स्वभावात नाही. रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाला माणसाच्या मतांशी कर्तव्य नाही. हेही खरे. मात्र हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर घर राखण्याचे प्रयोजनच संपते. केवळ सिद्धांत हवा असेल तर छापील निबंध पुरेसे आहेत. उंबरठा, व्हरांडा आणि बाग यांची गरज काय? घर राखले जाते ते माणसासाठी. मग माणूस राखावयाचा तो पुरता राखला पाहिजे. सोयीची खोली उघडी आणि गैरसोयीची खोली कुलूपबंद ठेवणे याला जतन म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप भक्तांचा असतो : यामुळे थोर पुरुष लहान होतो. वस्तुस्थिती उलट आहे. एका मुलीच्या एका वर्षाच्या कामाने आपले मत बदलू देणारे, आणि पुढे अण्णा मणी, ललिता, सुनंदाबाई अशा विद्यार्थिनींना स्वतःच्या प्रयोगशाळेत घेणारे रामन हे आरंभापासून निर्दोष असलेल्या मूर्तीपेक्षा अधिक विचार करावयास लावणारे आहेत. अर्थात हा बदल पूर्ण होता असेही नाही. त्या प्रयोगशाळेतील विद्यार्थिनींना वेगळे, एकाकी राहावे लागे हे अण्णा मणींच्या आठवणींतून कळते. ही अपूर्णता लपवण्याची गरज नाही. पुराव्यासमोर नमणे हाच विज्ञानाचा धर्म असेल, तर त्या नमण्याची ही मानवी कथा विज्ञानाच्या स्मारकात पहिल्या दालनात असावयास हवी.

येथे भारतीय भाषांच्या अभ्यासकांच्या कर्तव्याचा प्रश्न येतो, आणि प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा तोच आहे. रामन यांचे वैज्ञानिक लेखन इंग्रजीत आहे. ते ज्या नगरीत राहिले तिची भाषा कन्नड. घरातील भाषा तामिळ. ज्या शहरात त्यांनी आपला शोध लावला ते बंगाली. कमलाबाईंची आठवण मराठी कुटुंबातील. अण्णा मणींचे कुटुंब मलयाळम मुलखातले. या घराची खरी संहिता अशी पाच-सहा भाषांत विखुरलेली आहे. वास्तुशास्त्रज्ञ भिंती सावरू शकेल, संग्रहपाल वस्तूंना क्रमांक देऊ शकेल. परंतु ही विखुरलेली संहिता जुळवणे हे भाषेच्या अभ्यासकाचेच काम आहे. संहिता जुळवण्यासाठी पाठभेद गोळा करावे लागतात, कोणता पाठ कोणाच्या मुखातून आला हे पाहावे लागते, आणि गैरसोयीचा पाठ गाळण्याचा मोह आवरावा लागतो. जुन्या पोथीच्या बाबतीत जी शिस्त सर्वमान्य आहे ती घराच्या बाबतीत लागू न करण्याचे कारण दिसत नाही.

कमलाबाईंच्या साक्षीचेच पाहावे. १९३३ ची घटना मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या कथनातून पुढे आलेली आहे. संस्थेच्या बाजूचे कागद, श्रीनिवासय्या यांची बाजू, वडिलांची पत्रे यांपैकी जे जे मिळेल ते तिच्या शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. तसे केल्याने तिचे मोल घटत नाही. एका बाजूच्या आठवणीला इतिहासात पक्के स्थान मिळावयाचे ते अशाच तपासणीतून. आठवणी सांगणारी पिढी मात्र निघून गेली आहे. कमलाबाई १९९८ मध्ये गेल्या, अण्णा मणी २००१ मध्ये आणि दुर्गाबाई २००२ मध्ये. भिंतींना तडे गेले तर ते दिसतात आणि डागडुजी होते. आठवणींना गेलेले तडे दिसत नाहीत.

साक्ष केवळ व्यक्तींचीच असते असे नाही, शब्दांचीही असते. कलकत्त्याच्या काळात रामन यांनी भारतीय वाद्यांचा सूक्ष्म अभ्यास केला. तंबोरा आणि वीणा यांच्या रुंद, वक्र घोडीमुळे तारेतून असे उपस्वर उमटतात की जे प्रचलित पाश्चात्त्य नियमानुसार ऐकू येऊ नयेत, हे त्यांनी १९२१ मध्ये दाखवले. मृदंग आणि तबला यांच्या पुडीवरील लेपामुळे चामड्याचा नाद तारेच्या नादासारखा सुसंवादी होतो, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. हे ज्ञान कारागिराच्या हातात पूर्वीपासून होते आणि त्याच्या भाषेत त्याला नावेही होती. मिरजेचा तंबोरा करणारा घोडीवर 'जवारी' काढतो, तबलजी पुडीच्या 'शाई'विषयी बोलतो. रामन यांनी या शब्दांमागचे भौतिकशास्त्र इंग्रजीत लिहिले, आणि शब्द मात्र कारखान्यात राहिले. प्रयोगशाळेच्या दालनात एक तंबोरा ठेवून त्याच्या शेजारी निबंधाचे पान आणि कारागिराचा शब्द हे दोन्ही ठेवले, तर विज्ञान परक्या भाषेतून उतरलेली वस्तू आहे हा समज आपोआप दूर होईल.

कलकत्त्यात याचे एक पूर्वीचे उदाहरण आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १९१७ मध्ये आपल्या घराशेजारी संशोधनमंदिर उभारले. घर आणि प्रयोगशाळा आजही शेजारी आहेत. याच बोसांचे 'अव्यक्त' हे बंगाली निबंधांचे पुस्तक १९२१ मध्ये निघाले. यंत्रे घडवणाऱ्या या शास्त्रज्ञाकडे बंगाली वाचक वाचक म्हणूनही जाऊ शकतो, केवळ दर्शनार्थी म्हणून नव्हे. रामन यांच्या बाबतीत तशी सोय नाही. ती सोय भाषांनी निर्माण केली पाहिजे : त्यांच्या नभोवाणीवरील इंग्रजी व्याख्यानांचे चांगले अनुवाद, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आणि विद्यार्थिनींच्या आठवणींचे संपादन, घराविषयी त्या त्या भाषेत झालेल्या लेखनाची सूची. विद्यापीठांच्या भाषाविभागांना या कामासाठी नवी इमारत लागणार नाही.

बंगळूरला बहुभाषिकतेचा हा वारसा नवा नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन करणाऱ्या जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त संस्कृतच्या जोडीला अनेक देशी भाषांतील पद्ये आली आहेत. राजवाड्यांनी तो ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला म्हणून तो दरबार आज वाचता येतो. शहाजीराजांचा तो दरबार कोणी जतन केला नाही. तो ज्यात वसला होता ती पोथी जतन झाली. वास्तू पडते आणि संहिता राहते, हा भारतीय इतिहासाचा नेहमीचा अनुभव आहे. पंचवटीच्या बाबतीत वास्तू उभी आहे, संहिताच तेवढी जुळवावयाची आहे. अशी अनुकूल परिस्थिती क्वचित येते.

पंचवटी या नावाबरोबर भारतीय मनात एक रेषाही येते. वाल्मीकीच्या रामायणात लक्ष्मणरेषा नाही. ती पुढच्या कथाकारांनी आणि लोकपरंपरेने आखली, हे रामकथेच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. स्त्रीने कोणत्या उंबरठ्याच्या आत राहावे आणि कोणता ओलांडू नये याविषयीच्या पुष्कळ रेषा अशाच मूळ संहितेत नसतात. मागाहून आखल्या जातात आणि मग त्या मुळातच होत्या असे मानले जाते. विज्ञानाच्या संहितेतही तशी रेषा नव्हती. ती १९३३ मध्ये एका संस्थेच्या दारात आखलेली होती आणि एका मराठी मुलीने ती ओलांडली. रामन यांचे घर आणि त्यांची प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या विद्यार्थिनीला हिऱ्यांचा प्रकाश दाखवावा, खनिजांचे रंग दाखवावेत, बागेतले ते झाड दाखवावे. आणि ती रेषा कोठे होती, कशी पुसली गेली, हेही तिच्या भाषेत सांगावे. जमीन एवढी स्वच्छ ठेवू नये की तिच्यावर कोणाची पावलेच दिसणार नाहीत.